सरकारी तिजोरीवरचे फुटबॉल क्लब : खर्चाचे नियम पुरेत की मालकीवरच बंदी हवी?

कॉर्नरकिक

मँचेस्टर सिटी सप्टेंबर २००८ मध्ये अबू धाबीच्या शेख मन्सूर यांनी घेतला. पॅरिस सेंट जर्मेन (पुढे पीएसजी) २०११ मध्ये कतार स्पोर्ट्स इन्व्हेस्टमेंट्सकडे गेला. न्यूकॅसल युनायटेड ७ ऑक्टोबर २०२१ ला सुमारे ३०.५ कोटी पौंडांना विकला गेला. त्यातले ८० टक्के सौदी अरेबियाच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाचे (पुढे पीआयएफ). सिटीने २०२३ मध्ये एकाच हंगामात तीन मोठे करंडक जिंकले आणि २०२१ ते २०२४ सलग चार वेळा इंग्लंडची सर्वोच्च स्पर्धा, प्रीमियर लीग. पीएसजीने ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये इंटरला ५-० ने हरवून चॅम्पियन्स लीग नेली. न्यूकॅसलला मार्च २०२५ मध्ये लीग कप मिळाला, १९५५ नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक.

युरोपात आजवर सगळा भर खर्चाला लगाम घालण्यावर राहिला. मालक कोण असावा, या प्रश्नाला फारसा कुणी हात घातला नाही. माझं मत असं की कुलूप चुकीच्या दाराला लावलंय. जो मालक स्वतःच प्रायोजक उभा करू शकतो, स्वतःच प्रक्षेपण विकत घेऊ शकतो आणि दुसऱ्या देशातल्या स्वतःच्याच क्लबला खेळाडूही विकू शकतो, त्याला नफा-तोट्याच्या नियमात कसं पकडणार? मालक देश असेल तर त्या मालकीवरच बंदी हवी.

ताळेबंद वाचणाऱ्यांनी जरूर लिहा. ‘पैसा काय, सगळीकडेच आहे’ एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

टाइनकाठ

तिथे थांबत नाही, पण सुरुवात तिथूनच करतो. न्यूकॅसलच्या आधीच्या मालकाच्या चौदा वर्षांत संघ दोनदा खालच्या श्रेणीत घसरला, २००९ आणि २०१६. मैदानाला काही काळ मालकाच्या दुकानांच्या साखळीचं नाव होतं. त्या शहराने या मालकीचं स्वागत का केलं, हे समजून न घेता बंदीची भाषा करणं मला पटत नाही.

आणि अमर्याद पैशाचं म्हणाल, तर प्रीमियर लीगच्या २०२५-२६ हंगामापर्यंतच्या नियमात तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नाही. हे कलम सौदीच्या फंडालाही लागू. म्हणून ३० जून २०२४ च्या आत इलियट अँडरसन आणि यांकुबा मिंतेह विकावे लागले. अँडरसन तर क्लबच्याच अकादमीतला. पुढच्या वर्षी इसाकही लिव्हरपूलला गेला. सगळं विकत घेऊ शकणाऱ्या क्लबचं हे चित्र दिसतं का?

खतावणी

टाइनकाठ, अकादमीतलाच मुलगा का विकावा लागला, ते हिशेबात फार स्पष्ट दिसतं. थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढची सगळी चर्चा यावर उभी आहे.

समजा एक खेळाडू ५ कोटींना ५ वर्षांच्या करारावर घेतला. वहीत दर वर्षी १ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत ३ कोटी उरते. त्याला ४ कोटींना विकला तर नफा फक्त १ कोटी. अकादमीत वाढलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत मात्र शून्य, त्यामुळे त्याची विक्री जवळजवळ सगळीच्या सगळी नफ्यात जाते. हिशेबाचं वर्ष जूनअखेर संपत असेल, तर त्या शेवटच्या आठवड्यात जी पळापळ दिसते ती यामुळेच. नियम क्लबांना स्वतः घडवलेला खेळाडू आधी विकायला शिकवतो. मला तो त्यातला सर्वांत मोठा दोष वाटतो.

१०.५ कोटींची फोड अशी : १.५ कोटींचा तोटा क्लबने स्वतः सोसायचा, उरलेले ९ कोटी मालकाने भांडवल म्हणून घालायचे. कर्ज म्हणून चालत नाहीत. अकादमी, महिला संघ, मैदान आणि सामाजिक उपक्रम यांवरचा खर्च या गणितात धरतच नाहीत. म्हणून नवे मालक तिथे सढळ हाताने खर्च करतात, आणि ते पूर्णपणे नियमात बसतं. सिटीचं २०१४ च्या डिसेंबरात उघडलेलं अकादमी संकुल सुमारे २० कोटी पौंडांचं आहे.

पळवाट कोणती होती? करार लांबवायचा. १० कोटींचा खेळाडू ५ वर्षांवर घेतला तर वर्षाला २ कोटी, ८ वर्षांवर घेतला तर सव्वा कोटी. चेल्सीने एन्झो फर्नांडेझ आणि मुद्रिक यांना साडेआठ वर्षांचे करार दिले ते याच गणिताने. (चेल्सीचा मालक कुठलाही देश नाही, एवढं नोंदवून ठेवतो.) युएफाने (युरोपीय फुटबॉलची नियामक संघटना) २०२३ च्या उन्हाळ्यात आणि प्रीमियर लीगने त्याच वर्षीच्या डिसेंबरात हिशेबासाठी ५ वर्षांची कमाल मर्यादा घातली.

ऑफसाइड

म्हणजे खर्चाचं दार बंद केलं, पण उत्पन्नाची खिडकी सताड उघडी.

खतावणी

अगदी. तोटा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. खर्चावर नजर असेल तर उत्पन्न फुगवायचं.

पीएसजीने कतारच्या पर्यटन प्राधिकरणाशी केलेला करार वर्षाला सुमारे २० कोटी युरोंचा होता. युएफाच्या तपासात त्याची बाजारातली किंमत १० कोटीच धरली गेली. मे २०१४ मध्ये सिटी आणि पीएसजी दोघांशी तडजोड झाली : प्रत्येकी ६ कोटी युरो दंड, त्यातले ४ कोटी स्थगित, चॅम्पियन्स लीगसाठी २५ ऐवजी २१ खेळाडूंची नोंदणी. हातातून गेले ते २ कोटी. ज्याच्या मागे वायूच्या निर्यातीचं उत्पन्न आहे त्याच्यासाठी हा दंड म्हणजे प्रवेश शुल्क झालं. खेळाडूंची संख्या कापली ते जास्त लागलं असेल. माझ्या मते शिक्षा त्याच प्रकारची हवी, पैशात नको.

सावनी

सिटीच्या प्रकरणाबद्दल बऱ्याच ठिकाणी अर्धवट लिहिलं जातं, म्हणून क्रम लावते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘डेर श्पीगल’ने फुटलेले ईमेल छापले. आरोप असा की अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीच्या प्रायोजकत्वाचा बराचसा पैसा प्रत्यक्षात मालकाकडूनच येत होता. १४ फेब्रुवारी २०२० ला युएफाने दोन हंगामांची बंदी आणि ३ कोटी युरो दंड जाहीर केला. १३ जुलै २०२० ला क्रीडा लवादाने बंदी उठवली आणि दंड १ कोटीवर आणला. तो उरलेला दंड तपासात सहकार्य न केल्याचा. ‘लवादाने निर्दोष सोडलं’ असं सिटीचे चाहते म्हणतात, ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले’ असं विरोधक म्हणतात. निकालात दोन्ही आहे : काही आरोप पाच वर्षांच्या मुदतीबाहेरचे ठरले, तर काही सिद्ध झाले नाहीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने १०० हून अधिक नियमभंगांचे आरोप ठेवले. क्लबने ते नाकारले. त्यांच्या खरेखोटेपणात इथे शिरत नाही. फक्त काळ बघा. आरोपांची सुरुवात २००९-१० च्या हंगामापासून, नोटीस २०२३ मध्ये, सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४. एव्हर्टनचं प्रकरण याच्या शेजारी ठेवा : तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, मग आणखी २ गेले, आणि हे सगळं एकाच हंगामात, २०२३-२४ मध्ये. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुणही त्याच हंगामात गेले. लहान क्लबाकडे वर्षानुवर्षे वकील लढवण्याची ताकद नसते. मोठ्या मालकीचा हा परिणाम मैदानावर दिसतच नाही.

नीलमोहर

सावनीताई, एव्हर्टनची तुलना तितकी सरळ नाही. त्यांनी मर्यादा ओलांडल्याचं मान्य केलं होतं, वाद रकमेचा आणि शिक्षेचा होता. सिटीने मुळातच सगळं नाकारलं. शंभरावर आरोपांची कागदपत्रं तपासायला वेळ लागणारच. पण वकिलांच्या खर्चाचा मुद्दा मान्य.

मधलीफळी

कॉर्नरकिक, तुमच्या ‘मालक देश असेल तर’ या शब्दांतच खरी मेख आहे. मालक देश आहे हे ठरवायचं कुणी आणि कसं?

शेख मन्सूर यांनी क्लब वैयक्तिक गुंतवणूक म्हणून घेतला, अशी सिटीची पहिल्यापासूनची भूमिका आहे. ते राजघराण्यातले आहेत आणि संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारात उपपंतप्रधानपदी राहिलेले आहेत. न्यूकॅसलच्या वेळी प्रीमियर लीगने जाहीर केलं की सौदी राज्य क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही, अशी कायदेशीर बंधनकारक हमी मिळाली आहे. त्या फंडाचे अध्यक्ष आहेत युवराज मोहम्मद बिन सलमान.

पुढचं महत्त्वाचं. अमेरिकेत एलआयव्ही गोल्फच्या (पीआयएफच्याच पैशावर उभी राहिलेली गोल्फ स्पर्धामालिका) खटल्यात पीआयएफकडे कागदपत्रं मागितली गेली, तेव्हा फंडाने २०२३ मध्ये न्यायालयात सांगितलं की आम्ही सौदी राज्याचंच अंग आहोत आणि आमचे प्रमुख यासिर अल-रुमय्यान हे पदावरचे मंत्री आहेत, म्हणून आम्हाला सार्वभौम संरक्षण आहे. तेच अल-रुमय्यान न्यूकॅसलचे अध्यक्ष. अटलांटिकच्या एका काठावर राज्य नाही आणि दुसऱ्या काठावर राज्य आहे. दोन्ही विधानं एकत्र कशी खरी असतील?

टाइनकाठ

मधलीफळी, हा मुद्दा जड आहे, मान्य. त्या हमीचा मजकूर लीगने सगळ्यांसमोर ठेवायला हवा होता.

रेनकाठचा

जर्मनीत हा प्रश्न मुळाशीच सोडवलाय. ५०+१ नियमानुसार मूळ क्लबच्या सदस्यांकडे मतांचं बहुमत राहायलाच हवं. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग यांसारखे जुने अपवाद सोडले तर गुंतवणूकदार पैसे घालू शकतो, हुकूम चालवू शकत नाही.

पण त्यानेही सगळं बंद होत नाही. बायर्न म्युनिकच्या बाहीवर २०१८ पासून कतार एअरवेजचं नाव होतं. नोव्हेंबर २०२१ च्या सर्वसाधारण सभेत सदस्यांनी यावर इतका गोंधळ घातला की सभा आरोळ्यांतच संपली. २०२३ मध्ये करार संपला तो पुढे वाढवला गेला नाही. सदस्यांना मत असेल तर दबाव कुठे टाकायचा हे तरी माहीत असतं. इंग्लंडमध्ये चाहता फार तर फलक धरतो.

कर्णरेषा

फ्रान्सबद्दल कुणीच लिहिलं नाही. २०१२-१३ ते २०२४-२५ या १३ हंगामांत पीएसजीने ११ वेळा लीग जिंकली. मधे फक्त मोनाको (२०१७) आणि लील (२०२१). कतार येण्याआधीच्या सगळ्या इतिहासात पीएसजीची विजेतेपदं होती दोन.

नेमारचा व्यवहार मात्र दोन्ही बाजूंनी बघण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१७, २२.२ कोटी युरो. बार्सिलोनाने विकायला नकार देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण करारात तेवढी मुक्ततेची रक्कम लिहिलेली होती. ती भरली की खेळाडू मोकळा. कुणी भरेल असं वाटलं नव्हतं म्हणून तो आकडा लिहिला होता. त्या पैशांवर बार्सिलोनाने काही महिन्यांत डॉर्टमुंडकडून देंबेले आणि लिव्हरपूलकडून कुटिन्यो घेतला. लिव्हरपूलने २०१८ मध्ये व्हॅन डाइक आणि अलिसन आणले आणि पुढे युरोप जिंकलं. एका व्यवहाराने चार देशांतले भाव हलले. ‘आमच्या क्लबला काय त्याचं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तिकिटात आणि पगारखर्चात तो आकडा मुरलेला आहे.

आणि पीएसजीला चॅम्पियन्स लीग कधी मिळाली? मेस्सी, नेमार आणि एमबापे तिघेही गेल्यावर. एमबापे तर २०२४ मध्ये करार संपवून माद्रिदला गेला, विक्रीचा एक युरोही आला नाही. जिंकला तो लुईस एनरिकेचा तरुण, धावणारा संघ, ज्यात तोच देंबेले होता.

ऑफसाइड

मग पैशाने करंडक येत नाही असंच झालं ना?

कर्णरेषा

नाही. पैशाने चुका परवडतात. तेरा वर्षं चुकीची संघबांधणी करूनही पुन्हा नव्याने सुरुवात करता आली. दुसरा कुठलाही क्लब एवढ्या अपयशी खरेदीनंतर दिवाळ्यात निघाला असता.

गोलपोस्ट

+१. याचं उलट उदाहरण मलागा. २०१० मध्ये कतारच्या राजघराण्यातल्याच एका शेखने घेतला, पण ती खाजगी मालकी, राज्याची नाही. दोन-तीन वर्षं खर्च केला, २०१२-१३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. मग पैशाचा ओघ आटला. थकबाकीमुळे युएफाने युरोपीय स्पर्धेत बंदी घातली, २०१८ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत, २०२० मध्ये न्यायालयाने प्रशासक नेमला, २०२३ मध्ये तिसऱ्या श्रेणीत. श्रीमंत माणसाचा कंटाळा क्लबला बुडवतो. राज्य इतक्या सहज कंटाळत नाही, कारण त्याला क्लबमधून नफा नको असतो, दुसरंच काही हवं असतं.

सावनी

आणि ते दुसरं काय हवं असतं, त्यावर सरळ बोलू या. सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांची हत्या ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत झाली. तीन वर्षांनी न्यूकॅसल विकत घेतला गेला, तेव्हा ॲम्नेस्टीने लीगकडे मालकांच्या पात्रता चाचणीत मानवी हक्कांचा निकष घालण्याची मागणी केली. २०२३ मध्ये लीगने तशी तरतूद केली, पण व्यवहार उरकल्यानंतर.

‘प्रतिमा धुतली जाते’ या म्हणण्याला लोक उत्तर देतात की उलट चर्चा वाढते, खाशोगींचं नाव क्रीडापानावर येतं. खरं आहे. पण परिणाम जगाच्या मतावर मोजायचाच नाही. तो त्या शहरात मोजायचा. क्लबवरच्या प्रेमातून हजारो माणसं त्या राज्याची बाजू स्वतःहून मांडू लागतात, टीका करणाऱ्या पत्रकारावर तुटून पडतात. न्यूकॅसलमध्ये विरोध करणारा चाहत्यांचा गट आहे, पण तो लहान आहे आणि त्याला आपल्याच लोकांचा रोष सोसावा लागतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत वाईट वाटतं ते याचं.

मँचेस्टरमध्ये आणखी पुढचं पाऊल आहे. अबू धाबी युनायटेड ग्रुप आणि नगर परिषद यांनी भागीदारीत अँकोट्स भागात घरं बांधली. सिटीचं मैदानही परिषदेच्याच मालकीचं, क्लब भाडेकरू. परिषद त्या देशावर मोकळेपणाने टीका करेल, अशी अपेक्षा कितपत ठेवायची?

टाइनकाठ

शहराच्या लोकांनी बाजू मांडली म्हणजे ते विकले गेले असं नाही, सावनीताई. ब्रिटिश सरकार त्याच सौदीला शस्त्रं विकतं. मग नैतिकतेचं सगळं ओझं शनिवारी सामना बघणाऱ्यानेच का वाहायचं?

सावनी

त्याने एकट्याने नाहीच वाहायचं. म्हणूनच तर नियम हवा. चाहत्याला क्लब आणि विवेक यातलं एक निवडायची वेळच येऊ नये.

जाळीदार

अनेक क्लबांच्या साखळीवर थोडं. सिटी फुटबॉल ग्रुप २०१३ मध्ये उभा राहिला : न्यूयॉर्क, मेलबर्न, जिरोना, त्रुआ, पालेर्मो, बाहिया. आपल्या मुंबई सिटीतही त्यांनी २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता. साविन्यो हा खेळाडू त्रुआच्या नावावर नोंदलेला, पण त्रुआकडून एकही सामना न खेळता जिरोनाला उसना गेला आणि २०२४ मध्ये सिटीकडे आला. त्रुआच्या चाहत्यांनी काय पाहिलं? आपल्या क्लबचा शिक्का मारलेली पावती.

त्याच २०२४ मध्ये जिरोना आणि सिटी दोघेही चॅम्पियन्स लीगला पात्र ठरले. एकाच मालकाचे दोन संघ एका स्पर्धेत नकोत, म्हणून जिरोनाचे समभाग तात्पुरते स्वतंत्र विश्वस्तांकडे दिले, आणि युएफाने मान्यता दिली. पुढच्या वर्षी क्रिस्टल पॅलेसने हीच तजवीज मुदतीत केली नाही आणि ते युरोपा लीगमधून खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकलले गेले. ज्यांच्याकडे कागद वेळेवर तयार करणारी फौज असते ते वाचतात.

आता सौदीची साखळी. जून २०२३ मध्ये पीआयएफने अल हिलाल, अल नस्र, अल इत्तिहाद आणि अल अहली या चारही क्लबांत ७५ टक्के हिस्सा घेतला. लगेच सेंट-मॅक्सिमा न्यूकॅसलमधून अल अहलीला विकला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये प्रस्ताव आला की एकाच मालकाच्या क्लबांमधून खेळाडू उसने घेण्यावर तात्पुरती बंदी घालावी. मतदान १३ विरुद्ध ७. मंजुरीला १४ लागतात. एका मताने पडला.

खतावणी

जाळीदार यांनी दिलेला शेवटचा आकडा अधोरेखित करतो, कारण तिथून आपण मूळ प्रश्नावर येतो. लीगचे नियम करणारे हे वीस क्लबच. त्यात ज्यांच्यावर नियम घालायचा तेही बसतात, आणि उद्या स्वतः अनेक क्लब घ्यायचे ठरवलेले अमेरिकी फंडही बसतात. संबंधित पक्षांच्या (मालकाशी नातं असलेल्या कंपन्यांच्या) प्रायोजकत्वाला ‘रास्त बाजारभाव’ लावणारे नियम न्यूकॅसलच्या विक्रीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये आले. सिटीने त्यांना आव्हान दिलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लवादाने त्या काळातले नियम रद्दबातल ठरवले. एक कारण फार बोलकं आहे : भागधारकांनी बिनव्याजी दिलेली कर्जं त्या नियमांतून वगळली होती. प्रायोजक म्हणून पैसा आला तर तपासायचा आणि बिनव्याजी कर्ज म्हणून आला तर सोडायचा. जुन्या मालकांची सोय नियमात ठेवली, तिथेच नियम फुटला.

टाइनकाठ, तुमचं म्हणणं इथे बरोबर आहे. खर्चाचे नियम नव्या श्रीमंताला अडवतात आणि जुन्या श्रीमंताला राखतात. पण त्यातून बंदीची गरज कमी होत नाही, वाढते.

कॉर्नरकिक

इतक्या माहितीपूर्ण प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. मधलीफळी यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

‘राज्याची मालकी’ कायद्यात मांडता येत नाही असं नाही. ब्रिटनने २०२४ मध्ये परकीय राज्यांना वृत्तपत्रांची मालकी घेण्यावर बंदी घातली. ‘टेलिग्राफ’च्या खरेदीत अबू धाबीचा पैसा येत होता म्हणून. २०२५ मध्ये १५ टक्क्यांपर्यंतच्या निष्क्रिय हिश्शाला मुभा दिली. म्हणजे व्याख्या आहे, टक्केवारी आहे, तपासणी आहे. तीच क्लबांना लावता येईल. राज्याचा फंड, राजप्रमुख आणि पदावरचा मंत्री हे तिन्ही एकाच व्याख्येत घ्यावे लागतील, नाहीतर ‘वैयक्तिक गुंतवणूक’ हे दार उघडंच राहील.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला. आधीच्या मसुद्यात असं होतं की मालकाची पात्रता ठरवताना नियामकाने सरकारचं परराष्ट्र आणि व्यापार धोरण लक्षात घ्यावं. ते कलम काढलं, हे चांगलं झालं. पण राज्याच्या मालकीवर बंदी त्यातही नाही. वीस क्लबांच्या मतदानातून ती येणं कठीण, ती संसदेतूनच यावी लागेल.

मधलीफळी

आधीपासूनच ताब्यात असलेल्या क्लबांचं काय? पूर्वलक्षी कायदा केला तर खटले पुढची दहा वर्षं चालतील.

कॉर्नरकिक

सक्तीच्या विक्रीचा नमुना आहे. मार्च २०२२ मध्ये चेल्सीचे तेव्हाचे रशियन मालक अब्रामोविच यांच्यावर निर्बंध आले, चेल्सी सरकारच्या विशेष परवान्यावर चालला, मे अखेर २५० कोटी पौंडांना विक्री पूर्ण झाली आणि पैसे गोठवलेल्या खात्यात गेले. संघ एकही सामना न चुकवता खेळला.

टाइनकाठ

चेल्सीला लंडनचा बाजार होता, खरेदीदारांची रांग होती. न्यूकॅसल ऑक्टोबर २०१७ मध्ये उघडपणे विक्रीला निघाला आणि चार वर्षांत पूर्ण झालेला व्यवहार एकच, हाच. तुमच्या मसुद्यात विक्रीची मुदत लिहाल तेव्हा ती किमान तीन हंगामांची ठेवा, आणि तोवर खेळाडूंचे पगार कोण देणार हेही त्याच कलमात लिहा.